डब्ल्यूएसएलमध्ये प्रत्येक फाइल ७७७ का दिसते आणि डीफॉल्ट परमिशन नक्की कुठे ठरते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: विंडोज ११ च्या लॅपटॉपवर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आतच लिनक्स चालवण्याची सोय) उबुंटू हे लिनक्स टाकलं आणि सी ड्राइव्हवरचा जुना प्रोजेक्ट तिथूनच उबुंटूमध्ये वापरायला सुरुवात केली. आता एलएस -एल केलं की सगळ्या फाइली ७७७ दिसतात. (तीन आकडे म्हणजे मालक, ग्रुप आणि इतर; प्रत्येकात वाचणं ४, लिहिणं २, चालवणं म्हणजे एक्झिक्यूट १. ७ म्हणजे तिन्ही अधिकार.) एसएसएच (दूरच्या सर्व्हरशी जोडणारा प्रोग्राम) तुमची प्रायव्हेट की 'टू ओपन', म्हणजे परमिशन फार मोकळी, म्हणून नाकारतं. परमिशन बदलणारी चमॉड ६०० ही कमांड दिली तर एरर येत नाही आणि फरकही पडत नाही. शेल सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या .बॅशआरसीमध्ये यूमास्क ०२२ (नव्या फाइलींचे काही अधिकार काढून घेणारं सेटिंग) लिहून पाहिलं, त्याचाही उपयोग झाला नाही. गिटमध्ये (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) हात न लावलेल्या फाइलीही बदललेल्या दिसतात. हे ७७७ बदलायचं सेटिंग कुठे आहे, असं तुम्ही विचारलं आहे.

सेटिंग आहे आणि ते पुढे देतो. पण नुसतं सेटिंग टाकलंत तर महिन्याभरात हीच अडचण दुसऱ्या रूपात समोर येईल. म्हणून आधी एक गोष्ट नीट समजून घ्या: फाइल कोणत्या फाइलसिस्टिमवर बसली आहे, यावर सगळं अवलंबून आहे. तुमच्या उबुंटूत दोन वेगळी जगं आहेत. तुमची होम डिरेक्टरी खऱ्या ईएक्सटी४ वर, म्हणजे लिनक्सच्या स्वतःच्या फाइलसिस्टिमवर आहे. /एमएनटी/सी ही मात्र विंडोजची एनटीएफएस ड्राइव्ह आहे, ती फक्त लिनक्सच्या झाडात आणून जोडली आहे. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना नेहमीप्रमाणे रोमन अक्षरांत करा.)

हे स्वतः पाहा. होममध्ये एक रिकामी फाइल टचने तयार करा, तशीच एक /एमएनटी/सी/यूजर्स मधल्या तुमच्या फोल्डरात करा. मग दोन्हींवर ही कमांड चालवा:

स्टॅट -सी '%ए %यू %एन' फाइलचं-नाव

पहिली ६४४ दाखवेल (काही सेटअपवर ६६४), दुसरी ७७७. शेल तोच, यूजर तोच, यूमास्क तोच. बदलली ती फक्त जागा. /एमएनटी/सी मध्ये एलएस केल्यावर फोल्डरांची नावं हिरव्या पट्ट्यावर निळ्या अक्षरांत दिसतात, तेही याच कारणाने. या डिरेक्टरीत कोणीही लिहू शकतं, असं एलएस त्या रंगातून सांगत असतं.

आता यामागचं कारण. युनिक्समध्ये नव्या फाइलची परमिशन ती फाइल तयार करणारा प्रोग्राम ठरवतो. प्रोग्राम कर्नलकडे (सिस्टिमच्या गाभ्याकडे) साधारणपणे फाइलसाठी ६६६ आणि डिरेक्टरीसाठी ७७७ मागतो. त्या प्रोसेसचा (चालू प्रोग्रामचा) यूमास्क त्यातले काही बिट, म्हणजे अधिकारांच्या खुणा, गाळून टाकतो. यूमास्क ही चाळणी आहे: ती काढून घेते, कधी भर घालत नाही. म्हणून ०२२ ला फाइल ६४४ आणि डिरेक्टरी ७५५ होते, ०७७ ला ६०० आणि ७००. बरेच जण ही वजाबाकी समजतात, आणि ०२२ पुरती ती जुळतेही. पण यूमास्क ०३३ घ्या. वजाबाकीने ६३३ येईल, प्रत्यक्षात येतं ६४४, कारण ६ मध्ये एक्झिक्यूटचा बिट मुळात नाहीच, मग तो काढणार कुठून? हे लक्षात ठेवा, पुढे डब्ल्यूएसएलच्या मास्कचा हिशेब करताना लागेल.

एनटीएफएसमध्ये विचारच वेगळा आहे. तिथे प्रत्येक फाइलला एक यादी असते, एसीएल: कोणत्या यूजरला किंवा ग्रुपला काय करता येईल याची. नवी फाइल तयार झाली की ही यादी सहसा तिच्या फोल्डरकडून वारशाने येते. म्हणजे युनिक्समध्ये निर्माण करणारा ठरवतो, विंडोजमध्ये फोल्डर ठरवतो. विंडोजवर युनिक्ससारखं वातावरण देणाऱ्या प्रत्येक साधनाला या दोन्हींचा मेळ घालावा लागतो, आणि डब्ल्यूएसएल, सिगविन, गिट बॅश यांनी तो आपापल्या पद्धतीने घातला आहे. नेटवर सापडणारी उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत, कारण ती वेगवेगळ्या साधनांबद्दल असतात आणि वाचणाऱ्याला ते कळत नाही.

डब्ल्यूएसएल काय करतं ते पाहू. /एमएनटी/सी वरच्या फाइलीला लिनक्सची म्हणून काही नोंद नसेल, तर डब्ल्यूएसएल तुमच्या विंडोज यूजरला त्या फाइलीवर प्रत्यक्षात काय करता येतं ते बघतं आणि तेच उत्तर मालक, ग्रुप आणि इतर या तिन्ही जागी छापतं. स्वतःच्या फोल्डरात तुम्हाला पूर्ण अधिकार असतात, म्हणून ७, ७, ७. सिस्टिम३२ मधल्या नोटपॅड.ईएक्सई वर एलएस -एल करून पाहा: तिथे तुम्हाला लिहायचा अधिकार नाही, म्हणून ५५५ दिसतं. म्हणजे हे ७७७ कोणी 'ठरवलेलं' डीफॉल्ट नाही, तुमच्याच अधिकारांची तीनदा काढलेली प्रत आहे. आणि त्याचा अर्थ जगाला दार उघडं, असाही होत नाही. उबुंटूमधले तुमचे प्रोग्राम सी ड्राइव्हला हात लावतात तो तुमच्या विंडोज यूजरच्या नावानेच, त्यामुळे खरा पहारा एसीएलचाच राहतो. लिनक्समध्ये रूट (सर्वाधिकारी यूजर) झालात तरी विंडोजने न दिलेला अधिकार मिळत नाही.

चमॉडचंही कोडं इथेच सुटतं. बिट साठवायला जागाच नसेल तर चमॉड काय करणार? या अवस्थेत त्याचा एकच परिणाम होतो: तिन्हींचा लिहायचा बिट काढलात तर विंडोजचा 'रीड ओन्ली' गुणधर्म लागतो. ६०० मध्ये मालकाला लिहायचा अधिकार शिल्लक आहे, म्हणून काहीच घडत नाही. आणि साठवणच नसल्यामुळे .बॅशआरसीमधला यूमास्कही तिथे निरर्थक ठरतो. तुमची ओळ चुकीची नव्हती, होममध्ये ती बरोबर चालत असेल.

मग सेटिंग. २०१८ पासून डब्ल्यूएसएलला या माउंटसाठी (जोडलेल्या ड्राइव्हसाठी) मेटाडेटा नावाचा पर्याय आहे. तो चालू केला की लिनक्सचा मालक, ग्रुप आणि मोड (परमिशनचा आकडा) हे एनटीएफएसच्या एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूटमध्ये, फाइलीबरोबरच लिहून ठेवले जातात. उबुंटूमध्ये /ईटीसी/डब्ल्यूएसएल.कॉन्फ ही फाइल सूडोने (रूटच्या अधिकाराने) उघडा आणि हे लिहा:

[ऑटोमाउंट]
ऑप्शन्स = "मेटाडेटा,डीमास्क=०२२,एफमास्क=०३३"

सेव्ह करून पॉवरशेलमध्ये डब्ल्यूएसएल --शटडाउन द्या आणि उबुंटू पुन्हा उघडा. टर्मिनलची खिडकी बंद करून उघडणं पुरत नाही, मागे मशीन चालूच राहिलेलं असतं. 'सेटिंग लागूच होत नाही' म्हणून माझ्याकडे जे येतात, त्यांच्यापैकी बहुतेकांचं इथेच अडलेलं असतं. लागू झालं की नाही हे माउंट कमांडच्या उत्तरात पाहा. डब्ल्यूएसएल २ मध्ये सी ड्राइव्हची ओळ ९पी या प्रकारची (विंडोजच्या फाइली लिनक्सपर्यंत पोचवण्याची पद्धत) दिसेल आणि तिच्यात मेटाडेटा हा शब्द असला पाहिजे.

हे मास्क कोणाला लागतात ते नीट पाहा. डीमास्क (डिरेक्टरींसाठी) आणि एफमास्क (फाइलींसाठी) लागतात नोंद नसलेल्या फाइलींना, म्हणजे आधीपासूनच्या फाइली आणि विंडोजमधून नव्याने तयार होणाऱ्या फाइली. उबुंटूमधून तयार केलेल्या नव्या फाइलीला मात्र नेहमीच्या लिनक्ससारखा शेलचा यूमास्क लागतो आणि तिची नोंद तयार होते. म्हणजे एकाच फोल्डरात दोन नियम शेजारी शेजारी चालतात. हे माहीत नसलं की माणूस चक्रावतो.

एफमास्क ०३३ का, हा पुढचा प्रश्न. इथे सुरुवात ७७७ पासून होते, म्हणून फाइल ७४४ होते: मालकाला एक्झिक्यूट राहतं. १३३ दिलंत तर फाइली छान ६४४ दिसतील, पण सी ड्राइव्हवरच्या प्रत्येक .ईएक्सई चाही एक्झिक्यूट बिट जाईल. मग उबुंटूमधून नोटपॅड.ईएक्सई किंवा 'कोड .' चालवायला गेलात की 'परमिशन डिनाइड'. विंडोजचे प्रोग्राम उबुंटूमधून चालवत नसाल तर १३३ खुशाल ठेवा. मी लोकांच्या लॅपटॉपवर ०३३ ठेवतो, कारण व्हीएस कोड जवळपास प्रत्येक जण असंच उघडतो.

इतकं सगळं सांगून झाल्यावर माझा खरा सल्ला वेगळा आहे: लिनक्सचं काम लिनक्सच्या होममध्ये ठेवा. प्रोजेक्ट तिथे असला की यूमास्क, चमॉड, मालक बदलणारं चाऊन सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं चालतं. शिवाय डब्ल्यूएसएल २ मध्ये /एमएनटी/सी वरचं प्रत्येक वाचन-लेखन दोन सिस्टिमच्या मधून जातं, त्यामुळे नोडचे मॉड्यूल किंवा मोठी गिट रेपॉझिटरी तिथे रेंगाळते. विंडोजमधून त्या फाइली बघायच्या असतील तर होममध्ये उभं राहून एक्सप्लोरर.ईएक्सई आणि त्यापुढे स्पेस देऊन टिंब टाइप करा, नेहमीची खिडकी उघडेल.

याची एक किंमत आहे. तुमचं होम एका मोठ्या व्हर्च्युअल डिस्कच्या फाइलीत राहतं. वनड्राइव्हवर डॉक्युमेंट्स आपोआप जातात तसं हे जात नाही, आणि डब्ल्यूएसएल --अनरजिस्टर दिलंत तर सगळं एका झटक्यात जातं. गिटवर पुश करण्याची शिस्त असेल तर चिंता नाही. नसेल तर अधूनमधून डब्ल्यूएसएल --एक्सपोर्ट करून प्रत बाहेर काढून ठेवा.

प्रोजेक्ट हलवताना एक खड्डा लागतो. साधं सीपी -आर केलंत तर सीपी मूळ फाइलीचा मोड घेतं आणि त्यातून यूमास्क वगळतं. मूळ ७७७ असेल तर ०२२ नंतर प्रत्येक फाइल ७५५ होऊन बसते: रीडमी, चित्रं, जेसन, सगळ्यांना एक्झिक्यूट. मग लोक चमॉड -आर मध्ये मोठा एक्स वापरायला जातात. तो इथे कामाचा नाही, कारण ज्यांना आधीच एक्झिक्यूट आहे त्यांचं तो तसंच ठेवतो, आणि इथे तर सगळ्यांनाच आहे. त्यामुळे रिमोट (सर्व्हरवरची गिटची प्रत) असेल तर होममध्ये नव्याने गिट क्लोन करा. रिमोट नसेल तर फाइंडने फाइलींना ६४४ आणि डिरेक्टरींना ७५५ वेगवेगळं द्या, आणि स्क्रिप्टना नंतर हाताने +एक्स.

गिटकडे वळू. गिट पूर्ण मोड साठवतच नाही. साध्या फाइलीसाठी त्याच्याकडे दोनच शक्यता आहेत, १००६४४ आणि १००७५५, आणि निवड होते ती मालकाच्या एक्झिक्यूट बिटवरून. रेपॉझिटरीच्या कॉन्फिगमध्ये कोअर.फाइलमोड ट्रू असेल (म्हणजे गिटने हा बिट पाहायचा) आणि ती सी ड्राइव्हवरून डब्ल्यूएसएलच्या गिटने उघडली, तर प्रत्येक फाइलीला एक्झिक्यूट दिसतं आणि गिट डिफ 'ओल्ड मोड १००६४४, न्यू मोड १००७५५' अशा ओळी एकापाठोपाठ ओततो. मजकुरात एका अक्षराचा फरक नसतो. वर दिलेल्या ०३३ च्या सेटिंगने हा गोंधळ जात नाही, कारण ७४४ मध्येही मालकाचा एक्झिक्यूट आहेच. रेपॉझिटरी सी ड्राइव्हवरच ठेवायची असेल तर त्या रेपॉझिटरीत गिट कॉन्फिग कोअर.फाइलमोड फॉल्स करा. हे ग्लोबल करून भागत नाही: क्लोन किंवा इनिट करताना गिट रेपॉझिटरीच्या स्वतःच्या कॉन्फिगमध्ये फाइलमोड लिहून ठेवतं आणि ते ग्लोबलवर मात करतं.

फॉल्स केल्यावर एक जबाबदारी तुमच्यावर येते. गिट आता डिस्कवरचा बिट पाहणार नाही, म्हणून नवी शेल स्क्रिप्ट ६४४ अशीच कमिट होते आणि सर्व्हरवर डिप्लॉयच्या वेळी 'परमिशन डिनाइड' येतं. त्यासाठी गिट अपडेट-इंडेक्स --चमॉड=+एक्स आणि पुढे फाइलचं नाव द्या, मग कमिट करा.

काही मंडळी सिगविन किंवा गिट बॅश वापरत असतील, त्यांच्यासाठी दोन शब्द, कारण तिथली गोष्ट वेगळी आहे. गिट बॅशमध्ये ड्राइव्ह 'नोएसीएल' पर्यायाने जोडलेल्या असतात. तिथे परमिशन साठवायचा प्रयत्नच नाही. .ईएक्सई किंवा #! ने सुरू होणारी फाइल असेल तर एक्झिक्यूट दिसतं, बाकीच्या साध्या. चमॉड +एक्स करून काही बदलत नाही, म्हणून वरची अपडेट-इंडेक्सची युक्ती तिथे रोजची आहे.

सिगविन १९९५ पासूनचं आहे आणि त्याने कष्टाचा मार्ग निवडला: मालक, ग्रुप, इतर या तीन जागा ते थेट विंडोजच्या एसीएलमध्ये लिहितं. म्हणून तिथे चमॉड खरोखर लागू होतं, विंडोजच्या बाजूनेही. पण त्यामुळे 'यूमास्क ०२२ आहे, तरी नवी फाइल ७७०, आणि शेवटी एक अधिकचं चिन्ह' असे प्रकार होतात. ते अधिकचं चिन्ह म्हणजे एसीएलमध्ये तीन जागांपलीकडच्या नोंदी आहेत. गेटएफएसीएल (एसीएल दाखवणारी कमांड) त्या फोल्डरवर चालवलंत तर डीफॉल्टने सुरू होणाऱ्या ओळी दिसतील. विंडोजमध्ये तयार झालेल्या फोल्डरचा वारसा सिगविनला डीफॉल्ट एसीएल म्हणून दिसतो, आणि पॉसिक्स (युनिक्सचं सामायिक मानक) पद्धतीच्या एसीएलचा नियमच असा की डिरेक्टरीला डीफॉल्ट एसीएल असेल तर यूमास्क बाजूला राहतो. सेटएफएसीएल -केबी त्या फोल्डरवर दिलं की डीफॉल्ट आणि जादा नोंदी जातात आणि यूमास्क पुन्हा चालू लागतो. हे फक्त आपण स्वतः तयार केलेल्या कामाच्या फोल्डरवर करा. यूजर्स किंवा प्रोग्राम फाइल्सवर केलंत तर सिस्टिमच्या आणि बॅकअपच्या नोंदीही उडतील. एसीएलशी देणंघेणंच नसेल तर सिगविनच्या /ईटीसी/एफएसटॅबमध्ये नोएसीएल लिहून मोकळं होता येतं.

आता यूमास्क किती ठेवावा. हे खरंच परिस्थितीवर आहे. एकट्याच्या लॅपटॉपवर ०२२ ठीक. एकाच सर्व्हरवर अनेक जणांची खाती असतील तर मी ०२७ किंवा ०७७ कडे झुकतो. टीम एकाच डिरेक्टरीत लिहिणार असेल तर ०२२ त्रास देतो: एकाने केलेली फाइल दुसऱ्याला बदलता येत नाही. तिथे ००२ हवा, आणि डिरेक्टरीवर सेटजिड बिटही (नव्या फाइलीला डिरेक्टरीचाच ग्रुप देणारा) हवा, नाहीतर फाइलचा ग्रुप चुकतो आणि ००२ असून नसल्यासारखा होतो. यूमास्क प्रोसेसचा असतो हेही विसरू नका. क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) किंवा सर्व्हिस तुमची .बॅशआरसी वाचत नाही. तिथे यूमास्क हवा असेल तर त्या स्क्रिप्टच्या सुरुवातीला किंवा सर्व्हिस चालवणाऱ्या सिस्टिमडीच्या युनिट फाइलीतच लिहावा लागतो.

परमिशन 'दिसायला' बरोबर असावी एवढंच कारण असतं तर मी इतकं लांबवलं नसतं. काही साधनं तो आकडा खरा मानून वागतात. अनेक सर्व्हर एकदम सेट करणारं अ‍ॅन्सिबल कोणीही लिहू शकेल अशा डिरेक्टरीतली अ‍ॅन्सिबल.सीएफजी वाचतच नाही, फक्त एक सूचना देतं आणि पुढे जातं. ती सूचना नजरेतून सुटली की इन्व्हेंटरी (सर्व्हरची यादी) का सापडत नाही हे शोधण्यात दुपार जाते. एसएसएचची तपासणीही अशीच साधी आहे: की तुमच्या मालकीची आहे आणि ग्रुप किंवा इतरांचा एक जरी बिट चालू आहे, तर की वापरायची नाही.

म्हणून तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा. प्रोजेक्ट होममध्ये नव्याने क्लोन करा. की होममधल्या .एसएसएच मध्ये कॉपी करा, डिरेक्टरीला ७००, कीला ६०० द्या आणि कनेक्ट होऊन पाहा. सी ड्राइव्हवर जे ठेवणं भागच आहे त्यासाठी डब्ल्यूएसएल.कॉन्फमधलं सेटिंग टाका. मेटाडेटा चालू झाल्यावर सी ड्राइव्हवरची कीही चमॉड केल्यावर ६०० दाखवेल आणि एसएसएच ती घेईलही, पण तसं ठेवू नका. ते ६०० लिनक्सपुरतं लिहिलेलं आहे, विंडोजची एसीएल त्याने बदलत नाही. त्या लॅपटॉपवर दुसरं कोणाचं खातं असेल आणि फोल्डर त्याला उघडत असेल, तर की त्याला वाचता येते. कॉपी नीट चालते याची खात्री झाली की सी ड्राइव्हवरची प्रत काढून टाका. आणि ती प्रत वनड्राइव्हसारख्या सिंक होणाऱ्या किंवा ऑफिसात शेअर केलेल्या फोल्डरात होती असं आठवत असेल, तर ती की आता वापरूच नका. एसएसएच-कीजेनने नवी तयार करा, तिला पासफ्रेज द्या आणि जुन्या कीची ओळ प्रत्येक सर्व्हरच्या ऑथराइज्ड_कीज (मान्य कीजची यादी) मधून काढा.